थोरली पाती, धाकटी पाती आणि विमानातील डावी खुर्ची

आमच्या माळव्यात ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ हे शब्द घरातील भावंडांपुरतेच राहिले नाहीत. त्यांवर राज्ये उभी राहिली. अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंच्या वाट्यास देवास आले आणि पुढे एकाच गावात दोन संस्थाने नांदू लागली : देवास थोरली पाती आणि देवास धाकटी पाती. 1948 साली ती मध्यभारतात विलीन होईपर्यंत एका गावात दोन राजे, दोन दरबार, असा हा अजब संसार चालला. थोरल्या भावाचा वंश तो थोरली पाती. धाकट्या पातीत कितीही कर्तबगार पुरुष निपजला, तरी त्याची पाती धाकटीच राहावयाची.

राजेरजवाडे गेले, परंतु जन्मतारखेऐवजी रुजू होण्याच्या तारखेवर थोरले-धाकटेपण ठरविणारा एक व्यवसाय आजही आपल्या डोक्यावरून रोज उडत असतो. तो व्यवसाय म्हणजे विमानकंपनीतील वैमानिकाचा. आमच्या निसरपुरातून इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर जाऊन आलेली मुले विमानाच्या वेगाविषयी आणि उंचीविषयी पुष्कळ प्रश्न विचारतात. विमानाच्या पुढील भागात डाव्या खुर्चीवर कोण बसतो आणि उजव्या खुर्चीवर कोण, हे कसे ठरते, असे मात्र कोणी विचारीत नाही. तेच येथे सांगावयाचे आम्ही योजिले आहे. कारण वैमानिक होण्याची इच्छा धरणाऱ्या मुलामुलींच्या आयुष्याची पुढील पस्तीस-चाळीस वर्षे या एका गोष्टीशी बांधलेली असतात, आणि अर्ध्या कोटीच्या घरात वा त्याहूनही अधिक खर्च करून शिक्षण देणाऱ्या पालकांस ती बहुधा ठाऊक नसते.

प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात. डाव्या खुर्चीवर कप्तान, उजव्या खुर्चीवर सहवैमानिक. दोघांसही विमान चालविता येते. दोघेही आळीपाळीने ते चालवितात. परंतु अंतिम निर्णय आणि अंतिम जबाबदारी कप्तानाची. नवा वैमानिक कंपनीत दाखल होतो तो उजव्या खुर्चीसाठी. त्याच दिवशी त्याला एक क्रमांक मिळतो. समजा, कंपनीत 999 वैमानिक आधीपासून आहेत; तर याचा क्रमांक 1000. वरचा कोणी निवृत्त झाला, सोडून गेला वा वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरला की खालचे सर्व एकेक पायरी वर सरकतात. एकाच दिवशी वीस जण रुजू झाले तर त्यांच्यांतील क्रम कोठे वयाने लावतात, कोठे प्रशिक्षणातील गुणांनी, तर कोठे चक्क चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठीने ठरलेला तो एका अंकाचा फरक मग दोघांनी जन्मभर वागवावयाचा!

हा क्रमांक काय काय ठरवितो म्हणाल, तर जवळजवळ सर्व काही. कप्तानाची जागा रिकामी झाली की पहिली संधी यादीत वर असणाऱ्यास. मोठे विमान आले की त्याचे प्रशिक्षण प्रथम त्यास. मुंबईस राहावयाचे की दूरच्या एखाद्या तळावर, दिवाळीत घरी असावयाचे की आकाशात, महिन्याच्या वेळापत्रकातील सोयीच्या फेऱ्या कोणाच्या आणि पहाटे तीनच्या कोणाच्या, हेही ज्या कंपन्यांत ही पद्धत कडकपणे पाळली जाते तेथे क्रमांकावरच ठरते. आणि मंदी येऊन कपात करण्याची वेळ आली, तर यादी उलट्या टोकाने वाचली जाते. जो सर्वांत शेवटी आला तो सर्वांत आधी बाहेर. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर हजारो वैमानिक याच रीतीने घरी बसले. त्यांच्या कौशल्याविषयी कोणाचीच तक्रार नव्हती.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्रमांक वर आला म्हणून कोणी आपोआप कप्तान होत नाही. क्रमांकाने केवळ पाळी येते. त्यानंतर उड्डाणाचे आवश्यक तास, वरच्या दर्जाचा परवाना (आपल्या देशात व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास, तर त्या वरच्या परवान्यासाठी 1500 तासांचे उड्डाण लागते), सिम्युलेटर नामक कृत्रिम विमानातील कठोर परीक्षा आणि अनुभवी कप्तानाच्या देखरेखीखालील फेऱ्या, एवढे सगळे पार पडावे लागते. तीस वर्षे उडालेल्या कप्तानासही वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये बसून इंजिन बंद पडल्यावर काय करावयाचे ते करून दाखवावे लागते. तेथे यादीतील क्रमांक पुढे करून चालत नाही. म्हणजे ज्येष्ठता ही पंगतीतील पानासारखी आहे; पान मांडले जाईल ते क्रमाने, जेवण पचविणे ज्याचे त्याने पाहावे.

मग गुणवंतास आधी बढती द्यावी, हा सरळ न्याय विमानकंपन्यांनी का सोडला? वाचकांपैकी जे कार्यालयांत नोकरी करतात त्यांस हा प्रश्न नक्कीच पडेल. याचे उत्तर धुक्यात दडलेले आहे, आणि हा अलंकार नव्हे. 1919 च्या जुलै महिन्यात अमेरिकन टपालखात्याच्या दोन वैमानिकांनी दाट धुक्यात विमान नेण्यास नकार दिला. त्या काळी विमाने उघडी, उपकरणे नाममात्र आणि टपाल वैमानिकांचे मृत्यू नित्याचे. वरिष्ठांनी दोघांनाही बडतर्फ केले, तेव्हा इतर वैमानिकांनी संप पुकारला. उड्डाण करावयाचे की नाही हे कार्यालयातील साहेबाने ठरवावयाचे की विमानात बसणाऱ्याने, हा त्या भांडणाचा गाभा होता. पुढे 1931 साली अमेरिकन वैमानिकांची संघटना स्थापन झाली आणि ज्येष्ठतेची यादी हळूहळू तेथील पद्धतीचा कणा बनली.

विचार करा : जर कप्तानाची बढती साहेबाच्या मर्जीवर असती, तर ‘हवा वाईट आहे, मी विमान वळवितो’ असे म्हणताना त्याच्या मनात साहेबाचा चेहरा उभा राहिला नसता काय? वळविलेल्या विमानाचे इंधन, प्रवाशांची व्यवस्था, उशीर, या सर्वांचा खर्च कंपनीवर पडतो. आणि उत्तम वैमानिक कोणता, हे मोजावयाचे तरी कसे? ज्याच्या फेऱ्यांत काहीही घडले नाही तो उत्तम. परंतु काहीही न घडणे हे कोणत्या तागडीत तोलावे? दुकानदाराची विक्री मोजता येते, शिक्षकाचा निकाल मोजता येतो, टळलेला अपघात मोजता येत नाही. म्हणून वैमानिकांनी मोजता येणारी एकच गोष्ट पत्करली : तारीख. तिची खुशामत करता येत नाही.

तारीख जात पाहत नाही, घराणे पाहत नाही, स्त्री-पुरुष भेदही पाहत नाही. इंडियन एअरलाइन्सने 1966 साली दुर्बा बॅनर्जी यांना वैमानिक म्हणून घेतले. 1985 च्या नोव्हेंबरात कप्तान सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कलकत्ता ते सिलचर हे फोकर फ्रेंडशिप विमान नेले. भारतात दोन्ही खुर्च्यांवर स्त्रिया असलेले ते पहिले प्रवासी उड्डाण. दोन तारखांमध्ये एकोणीस वर्षांचे अंतर आहे. उजव्या खुर्चीवर स्त्री बसली म्हणजे डाव्या खुर्चीवर लगेच बसते असे नव्हे. अनुभव जमावा लागतो, पाळी यावी लागते आणि रांगेत स्त्रियांची संख्याही वाढावी लागते. आज भारतातील महिला वैमानिकांचे प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा पुष्कळ अधिक आहे, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावी.

आता रांग किती वेगाने सरकते ते पाहू. कारण खरे भाग्य तेथे आहे. थोडे गणित करावे लागेल. एखादे लहान जेट विमान दिवसाला सुमारे 12 तास उडते असे धरा. वर्षाचे झाले 4380 तास. आपल्या नियमांनुसार एका वैमानिकास वर्षभरात 1000 तासांहून अधिक उडता येत नाही. म्हणजे त्या एका विमानासाठी किमान साडेचार जोड्या हव्यात. रजा, आजारपण आणि प्रशिक्षण धरता पाच-सहा. याचा अर्थ, कंपनीने दहा नवी विमाने आणली की पन्नास-साठ कप्तानांच्या जागा निर्माण होतात आणि तितकेच सहवैमानिक डावीकडे सरकतात. उलट, विमाने वाढली नाहीत तर पुढे सरकण्याचा मार्ग एकच : वरच्यांची निवृत्ती. इंडिगो कंपनीचे पहिले विमान 2006 च्या ऑगस्टमध्ये उडाले. आज तिच्याकडे चारशेंहून अधिक विमाने आहेत. तेथे आरंभीच्या वर्षांत रुजू झालेला सहवैमानिक आज यादीच्या माथ्याजवळ असणार. त्याच्याइतकाच हुशार त्याचा वर्गमित्र ज्या कंपनीत गेला ती वाढलीच नसेल, तर तो अजून उजवीकडेच असेल. दोघांत गुणांचा फरक शोधणे व्यर्थ आहे.

निवृत्तीचे वय वाढविले तरी रांग थबकते. अमेरिकेत 13 डिसेंबर 2007 रोजी ही मर्यादा साठावरून पासष्टावर नेली गेली. ज्येष्ठांस पाच वर्षे मिळाली, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांची तितकीच वर्षे खोळंबली.

सर्वांत कठीण गोष्ट पुढे आहे. वैमानिकाचे लॉगबुक, म्हणजे उड्डाणाच्या तासांची नोंदवही, त्याच्याबरोबर जगभर जाते. क्रमांक मात्र कंपनीच्या दारातच राहतो. दुसऱ्या कंपनीत गेल्यावर, तेथे यादी कडक असेल तर, दहा हजार तास उडालेला कप्तानही नव्या पोरसवद्या सहवैमानिकाच्या खाली नाव लिहवून घेतो. भारतात कंपन्यांना अनुभवी कप्तानांची निकड असल्याने त्यांस थेट कप्तान म्हणून घेतात, हे खरे. तरी त्या कप्तानांच्या यादीत त्याचे स्थान शेवटचेच असते. 1993 साली उडू लागलेली जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 च्या रात्री थांबली. तिच्यात वीस-पंचवीस वर्षे घालविलेल्यांचे पगार थकले होतेच; पण पगाराची बाकी निदान कागदावर मागता तरी येते. बंद पडलेल्या यादीतील अठ्ठाविसावा क्रमांक कोठे मागावयाचा? किंगफिशर 2012 साली थांबली, गो फर्स्ट 2023 च्या मे महिन्यात. तेथेही हेच झाले. कंपनी डबघाईस येत आहे हे दिसत असूनही ज्येष्ठ वैमानिक अखेरपर्यंत का थांबतात, असे लोक विचारतात. ज्याने वीस वर्षे रांगेत काढली तो खिडकी चार हातांवर आली असता रांग सोडीत नाही.

यादीतील तारखेचे वजन निसरपुरच्या माणसास अधिक फोड करून सांगावयास नको. सरदार सरोवराच्या पाण्यात 2019 साली आमचे जुने गाव गेले. त्याआधीची कित्येक वर्षे घरोघर याद्यांचीच चर्चा होती. कोणाचे नाव कोणत्या यादीत, कोणत्या तारखेस धरून, हे प्रश्न आमच्या मुलांनी पाळण्यात ऐकलेले आहेत.

एक यादी असते तोवर कुरकुर चालते. दोन याद्यांची एक करावयाची वेळ येते तेव्हा मात्र रण माजते. उदाहरणादाखल समजा, ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ अशा दोन कंपन्या एक झाल्या. थोरली जुनी, संथ. तेथे बारा वर्षांची नोकरी झालेला माणूसही अजून सहवैमानिकच. धाकटी तरुण, झपाट्याने वाढलेली. तेथे सहा वर्षांत कप्तान. आता यादी रुजू होण्याच्या तारखेने लावली, तर धाकटीचा कप्तान थोरलीच्या सहवैमानिकाच्या खाली जातो आणि कपात झाल्यास त्याची खुर्ची जाते. हुद्द्याने लावली, तर बारा वर्षे राबलेला माणूस सहा वर्षांच्या पोराखाली जातो. दोघांच्याही तक्रारीत तथ्य आहे. दोन्ही पद्धतींची सांगड घालून दोन इकडचे, एक तिकडचा असे प्रमाण धरले, तर दोघेही सारखेच नाराज होतात. आमच्या मते न्यायाच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारी रीत हीच, पण ती पसंत पडलेला वैमानिक शोधून काढणे अवघड.

हे केवळ कल्पनेतले नाही. आपल्या देशात देशांतर्गत उड्डाणे इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशची एअर इंडियाकडे, अशी वाटणी 1953 च्या राष्ट्रीयीकरणापासून होती. 27 ऑगस्ट 2007 रोजी दोन्हींचे एकीकरण झाले. नाव एक झाले, विमानांचा रंग एक झाला. वैमानिक दोन पातींतच राहिले. त्यांच्या संघटना दोन, वेतनश्रेणी दोन, बढतीचे मार्ग दोन. 2011 च्या एप्रिल-मे मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. वेतन, हुद्दे व ज्येष्ठता यांचा गुंता सोडविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल 2012 च्या जानेवारीत आला.

आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात दुसरी पाती उठली. एअर इंडियाने बोइंग 787 ही नवी मोठी विमाने मागविली होती. ती चालविण्याचे प्रशिक्षण आपल्यालाच प्रथम मिळावे, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना त्यात वाटा देऊ नये, असे पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांचे म्हणणे होते. त्यांचा तर्क असा : लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांवरील जागा थोड्या, आम्ही त्यांसाठी वर्षानुवर्षे थांबलो, आता विमाने आली तर पाट दुसऱ्याने का घ्यावा? समोरच्यांचा तर्क असा : कंपनी एक झाली, तर विमानेही सर्वांची. न्यायालयाने संपास मनाई केली, शंभराहून अधिक वैमानिक बडतर्फ झाले, परदेशच्या कित्येक फेऱ्या रद्द झाल्या, आणि दोन महिन्यांच्या आत-बाहेर चाललेला हा संप 3 जुलै रोजी मागे घेण्यात आला. ज्या विमानासाठी एवढे रामायण घडले त्यातील पहिले दिल्लीस उतरले ते त्यानंतर, सप्टेंबरात! बाहेरच्या माणसास हा हट्ट वाटला असेल. परंतु त्यातील प्रत्येकाच्या दृष्टीने तो विमानाच्या एका जातीचा प्रश्न नव्हता. कप्तानाची चार पट्ट्यांची खूण चाळिशीत खांद्यावर चढावयाची की पन्नाशीत, हा होता. प्रवाशांचे हाल झाले ते मात्र आम्ही कोणत्याच तर्काने समर्थनीय मानीत नाही.

अमेरिकेत याहून लांबलेले भांडण झाले. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या 2005 साली एकत्र आल्या. जॉर्ज निकोलाऊ या लवादाने 2007 साली निवाडा दिला : यूएस एअरवेजचे 517 सर्वांत ज्येष्ठ वैमानिक यादीच्या माथ्यावर, कारण मोठी विमाने त्यांचीच होती, बाकीचे प्रमाणशीर मिसळलेले, आणि कपातीत घरी बसलेले तळाशी. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांमागे लागलेली काही माणसे नुकत्याच लागलेल्यांच्या खाली गेली. त्यांनी निवाडा मानला नाही, जुनी संघटनाच मतदानाने बाजूला सारली, खटले झाले. एकाच कंपनीच्या गणवेशात दोन याद्या वर्षानुवर्षे उडत राहिल्या. पुढे अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्यावर, 2016 साली, दुसऱ्या लवादाने सर्वांची एक यादी लावून दिली. दरम्यान तेथील कायदेमंडळाने 2007 च्या अखेरीस, विलीनीकरणात ज्येष्ठतेचा मिलाफ न्याय्य रीतीने झाला पाहिजे, असा कायदाच केला.

एअर इंडिया 27 जानेवारी 2022 रोजी पुन्हा टाटांकडे आली आणि 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा तिच्यात विलीन झाली. त्याआधी, त्याच वर्षीच्या मार्च-एप्रिलमध्ये, विस्ताराच्या वैमानिकांत नव्या वेतनरचनेवरून असंतोष पसरून अनेक फेऱ्या रद्द झाल्या होत्या.

एवढे वाचून कोणी पालक आपल्या मुलामुलीचे नाव उड्डाणशाळेत घालण्याचा बेत रद्द करील, तर ते आम्हांस इष्ट नाही. फक्त चौकशी करताना शाळेचे शुल्क आणि पहिला पगार एवढेच विचारून परत येऊ नये. ज्या कंपनीत शिरावयाचे तिने किती नवी विमाने मागविली आहेत, तिचे आजचे कप्तान कोणत्या वयाचे आहेत, गेल्या काही वर्षांत सहवैमानिकास कप्तान होण्यास किती काळ लागला, दुसऱ्या कंपनीशी एकीकरणाची बोलणी चालू आहेत काय, हे विचारावे. दोन कंपन्यांचे बोलावणे आले असता थोड्या अधिक पगारासाठी सहा महिने उशिरा रुजू होणे कित्येकदा महाग पडते. त्या सहा महिन्यांत शेकडो नावे पुढे लागून जातात. आणि कंपनी बदलण्याचे मनात आले तरी ते लगेच साधत नाही. 2017 साली केलेल्या नियमाने आपल्या देशात सहवैमानिकास सहा महिन्यांची आणि कप्तानास पूर्ण एका वर्षाची आगाऊ सूचना द्यावी लागते. ते वर्ष तो जुन्या कंपनीत आपल्या जुन्या क्रमांकावर उडतो, आणि ज्या कंपनीत त्याला जावयाचे आहे तेथील यादीत त्याच्या आधी दर महिन्यास नवी नावे लागत असतात.